बोट मुडपून दाखवा

आमच्या मजल्यावर परबकाकांच्या घरी गेलात तर एक नियम पाळावा लागतो. खिडकीकडे सरळ बोट दाखवायचं नाही. दाखवायचंच असेल तर मुडपून. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, त्यांच्या भाषेत 'कुसता', असं त्यांच्या आईने मालवणात सांगितलेलं. काकांनी जन्मभर एका कंपनीत हजेरीपट सांभाळला, घरात कोथिंबीरसुद्धा कधी निवडली नाही. पण हे एवढं शेतीचं ज्ञान मात्र पक्कं!

बोरिवलीत, चौथ्या मजल्यावर, खिडकीच्या ग्रिलमध्ये त्यांनी दुधी लावला तो काकूंसाठी. वर्षापूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, आणि उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. झाडं हे काकूंचं खातं. त्या पडल्या आणि सगळ्या कुंड्या सुकल्या. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, "त्यांच्या आवडीचं काहीतरी समोर ठेवा. हात पुढे करावासा वाटला पाहिजे." झालं! काकांनी पलंग खिडकीशी ओढला आणि एकाच कुंडीत बियांचं अख्खं पाकीट ओतलं.

पाण्याचं तर विचारूच नका. सकाळी बादली, संध्याकाळी बादली. खालच्या बाई चिखलाची चादर घेऊन वर आल्या की काका म्हणत, "आमच्याकडे हयगय चालत नाही."

तरी एक वेल चढला. त्याचंच कर्तृत्व, दुसरं काय! बोटाएवढा दुधी दिसला, पिवळा पडला आणि गळला. काका थेट माझ्या दारात.

"परवा तू बोट दाखवलंस?"

"अहो, मी कबूतर दाखवत होते!"

"कबुतराच्या मागे दुधी होता."

असा राग आला मला! चार दिवस मी तिकडे फिरकले नाही. तेवढ्यात आणखी तीन गळले. आता बोला.

शेवटी काकूंसाठी गेलेच. काका स्टुलावर चढून पांढरी फुलं पटापट खुडत होते. "ही बघ, यांच्या मागे दुधीच नाही. नुसती मिरवायला येतात. हयगय चालायची नाही!" आणि प्रत्येक फुलाला काकू डाव्या हाताने पलंगावर थाप मारत होत्या.

"बघ, शाबासकी देते," काका खूश.

"शाबासकी कसली, काका! त्या थांबा म्हणतायत. ती नरफुलं आहेत. नवरेच खुडलेत तर पोरं कुठून होणार?"

काका हळूच खाली उतरले. काकूंनी मान हलवली, हुश्श केल्यासारखी.

"महिनोभर सांगतंस," काका काकूंना म्हणाले, "नि माका कळूक नाय."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून मला बोलवायला आले. "साडेसहाक ये गो. लगीन आसा." एक नरफूल त्यांनी मादीफुलाला टेकवलं. फूल नेमकं टेकेना, तेव्हा मीच मनगट धरलं. वर दोन तांदूळही टाकले, असू देत. तो दुधी मात्र धरला. लगेच खिडकीवर पाटी लागली, 'बोट मुडपून दाखवा'. डॉक्टरांनासुद्धा सूट नाही.

परवा सकाळी काकांची हाक आली. हाक कसली, आरोळीच. मी पोळी तव्यावर टाकून धावले. म्हटलं, संपलं सगळं.

वीतभर दुधी उन्हात लोंबत होता आणि काकूंचा उजवा हात त्याच्याकडे उचललेला होता. बाकीची बोटं आखडलेलीच. पण पहिलं बोट सुटत होतं. हळूहळू, सरळ दुधीकडे.

सवयीने माझ्या तोंडून गेलं, "काकू, बोट..."

"गप गो!" काका खेकसले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पलंगापाशी गुडघ्यांवर बसून त्यांनी काकूंच्या कोपराला आधार दिला.

"दाखय," ते म्हणाले. "सरळ दाखय. कुसलो तर कुसांदे."