मनाने हजर

धामणखेड्याच्या ग्रामसभेची गणपूर्ती अकरा महिन्यांत एकदाही झाली नव्हती, कारण सभेला माणसं येत होती आणि त्यांची मनं येत नव्हती.

नियम साधा होता. माणूस मनाने जिथे असेल तिथे तो हजर धरायचा. त्यासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीला एक मेंदूमापक मिळाला होता आणि प्रत्येक मतदाराला आतून तारा शिवलेली टोपी. पुरुषांना टोपीची सवय होतीच. त्यांनी जुनी काढली आणि नवी घातली. बायकांना पदराखाली बांधायची पट्टी मिळाली. थंडीत कान झाकतात म्हणून ती कुणी दिवसभर काढेनासं झालं. पाच किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक टोपीवाल्याचं मन कुठे आहे, ते मेंदूमापक कागदाच्या फितीवर छापून देई. सभेच्या ठिकाणी शंभर मनं भरली की गणपूर्ती.

पूर्वी तहकूब झालेली सभा पुन्हा भरवली की गणपूर्ती लागत नसे. ती पळवाट आता बंद होती, आणि ग्रामसेविका ऋतुजा थोपटेला ते पूर्ण मान्य होतं. तिची ही पहिलीच नेमणूक. नुसतं सतरंजीवर बसून गाव चालत नाही, असं तिचं ठाम मत होतं.

ऑक्टोबरच्या सभेला समाजमंदिरात एकशे चाळीस माणसं बसली होती. मेंदूमापकाने अकरा मनं मोजली.

"अकराच?" सरपंच पारूबाईंनी विचारलं. "मागल्या खेपेला चौदा हुती."

"तीन पिंपळदरीला आहेत. तिथे आज कुस्त्या आहेत."

पिंपळदरीवाले मुद्दाम कुस्त्यांच्या दिवशी आखाड्यातच सभा ठेवत. मागच्या वर्षी धामणखेड्याच्या तेरा मनांच्या बळावर त्यांनी स्मशानशेडचा ठराव मंजूर करून घेतला होता.

"भिकूतात्या, तुमचं मन गोठ्यात दाखवतंय," ऋतुजा म्हणाली.

"म्हैस आज-उद्या विणार हाय, मॅडम. मी तरी काय करू?"

"मग टोपी म्हशीलाच घाला," पारूबाई म्हणाल्या. "ती तरी आपल्या जागेवर हाय."

सभा हसली. हसताना मनं चौतीसवर गेली आणि हसू ओसरल्यावर पुन्हा अकरावर आली.

ऋतुजाला हसू आलं नाही. तिच्यासमोर एसटी डेपोचं पत्र होतं. संध्याकाळी पाच चाळीसची गाडी दोन वर्षांपासून गावात येत नव्हती. फाट्यावरूनच पुढे निघून जायची. तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या तेवीस मुली तिथे उतरून चार किलोमीटर उसातून चालत यायच्या. ग्रामसभेचा ठराव महिनाअखेरीस पोचला तर गाडी गावापर्यंत येणार होती. नाही तर वेळापत्रक कायम व्हायचं.

सभा तहकूब झाली. सतरंज्या गुंडाळताना पंचायतीचे शिपाई गणपानाना म्हणाले, "आमची सुलू उद्यापास्नं घरी."

"का? बारावी आहे ना तिची?"

"उसात बिबट्याचं ठसं घावलं. गाडी आली गावात तर जाईल. न्हाई तर बास झालं तेवढं."

"नाना, ठराव होणार."

"अकरा मनांत?" नानांनी सतरंजी खांद्यावर टाकली. "तुम्ही चांगल्या हायसा, मॅडम. पण ह्या गावाचं मन कुठं असतं ते देवाला ठावं."

ते फितीलाही ठावं होतं. ऋतुजाने खुर्ची ओढली आणि दिवसभराची फीत पहिल्यापासून वाचायला घेतली. गोठा. गिरणी. आखाडा. कुणाच्या तरी बहिणीचं स्वयंपाकघर. ग्रामसेविकेचं मन गणपूर्तीत धरत नसत, पण छापत जरूर. ते सभाभर तालुक्याला, विस्तार अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये भांडत उभं होतं. पाच वाजून चाळीस मिनिटांपाशी ती थांबली. सभा तेव्हा संपत आली होती. समाजमंदिरात पाच मनं. फाट्यावरच्या मोरीवर, म्हणजे ओढ्यावरच्या त्या छोट्या पुलावर, अठ्ठ्याऐंशी.

तिने आदल्या दिवशीची फीत काढली. पाच चाळीस, मोरी, नव्वद. त्याच्या आदल्या दिवशी सत्त्याऐंशी. मुली तेवीस होत्या, पण त्यांना आया होत्या, बाप, आज्या, चुलत्या होत्या, आणि शेजारीही होते.

सकाळी तिने विस्तार अधिकारी थोरबोले यांना फोन लावला.

"सर, विशेष ग्रामसभा मोरीवर घ्यायची आहे."

"मोरी गावच्या हद्दीत येते का?"

"अर्धी येते. अलीकडची."

"मग मनं अलीकडच्या अर्ध्यातच बसवा. पलीकडची मी धरणार नाही. बैठकव्यवस्था?"

"मनांना सतरंजी लागत नाही, सर."

"पिण्याचं पाणी?"

"माणसं येणारच नाहीत."

थोरबोलेंनी फोन कानाला धरूनच नियमपुस्तिका चाळली. "नियमात बसतंय," शेवटी ते नाराजीने म्हणाले. "चार दिवसांची नोटीस द्या."

नोटीस ऋतुजाने स्वतः लिहिली. एकोणतीस तारखेला सायंकाळी पाच चाळीस वाजता फाट्यावरील मोरीवर विशेष ग्रामसभा होईल. मतदारांनी आपापल्या घरी थांबून नेहमीप्रमाणे उपस्थित राहावे. अंगाने तिथे आलात तर मन घराकडे पळेल, असं तिने दवंडीतही सांगायला लावलं.

एकोणतीस तारखेला मोरीवर ती आणि गणपानाना दोघंच होते. नानांनी मेंदूमापक कठड्यावर मांडला. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. साडेपाचला मनं यायला लागली. एकवीस. चाळीस. पारूबाईंचं आलं. सहासष्ट. भिकूतात्यांचंही आलं, म्हैस सुखरूप व्याली होती. गाडीचा हॉर्न वळणावर वाजला तेव्हा आकडा नव्याण्णववर होता, आणि तिथेच अडकला.

"एक कमी," ऋतुजा म्हणाली. तिने फीत पाहिली. "नाना, तुमचं मन घरी आहे."

"मग कुठं असणार? सुलू घरी हाय."

"तुम्ही इथे उभे आहात."

"त्ये दिसतंयच की. पण ते माझ्या सांगण्यातलं न्हाई, मॅडम." त्यांनी टोपी दोन्ही हातांनी दाबून बसवली. आकडा हलला नाही. त्यांनी डोळे मिटले, मोरीकडे बोट दाखवून स्वतःला बजावलं, "हितं थांब." मन घरीच राहिलं. नाना ओशाळले. "लेकीपाशी बसलंय ते. त्येला कसं उठवू?"

गाडी थांबली. मुली उतरायला लागल्या. बावीस उतरल्या आणि मग, दप्तर छातीशी धरून, सुलू उतरली.

मेंदूमापक टिकटिकला. शंभर.

"ही कुठनं आली?" नाना म्हणाले.

"कॉलेजातनं."

"तुझी आई म्हणाली, घरात अभ्यास करतीय."

"अभ्यासच करत होते. कॉलेजात." सुलूने बापाकडे नीट पाहिलं. "चार दिवस जातेय, दादा. रागवायचं तर घरी रागवा. इथं बिबट्या येतो."

"नाना, रागवा," ऋतुजा घाईने म्हणाली, "पण इथेच उभे राहून. आणि मुलींनो, जागच्या हलू नका. तुम्ही निघालात की सभा तुमच्या मागे घरी जाईल."

हे मुलींना लगेच पटलं. त्या मोरीच्या अलीकडच्या अर्ध्या भागात कठड्यावर बसल्या आणि पेरू खाऊ लागल्या. ऋतुजाने मोकळ्या रस्त्याकडे तोंड करून ठराव वाचला. विरोध असल्यास मनात आणावा, असं तिने दोनदा सांगितलं. मेंदूमापकावरचा विरोधाचा दिवा लागला नाही. नाना सुलूकडे डोळे वटारून उभे होते, आणि ते तसे उभे होते तोवर आकडा शंभरच्या खाली आला नाही.

इतिवृत्तात तिने लिहिलं: हजेरी मनाने शंभर, अंगाने एक (मुली अद्याप मतदार नाहीत). ठराव एकमताने मंजूर. मुली उठल्या तशी सभा त्यांच्याबरोबर गावाकडे निघून गेली. शेवटी यंत्र खांद्यावर घेऊन नाना चालत होते. सुलूने त्यांच्या हातातली पिशवी घेतली होती.

थोरबोलेंनी एकच शंका काढली. "शंभर मनं अर्ध्या मोरीवर मावली कशी?"

"दाटीवाटीने, सर."

त्यांनी सही केली.

एक तारखेपासून गाडी गावात येऊ लागली. नोव्हेंबरची सभा मोरीवर ठेवली तेव्हा तिथे एकही मन नव्हतं. ऋतुजाने फीत पाहिली. एकशे चार मनं ताशी चाळीसच्या वेगाने गावाकडे येत होती.

डिसेंबरच्या नोटिशीत सभेचं ठिकाण 'सायंकाळची एसटी, फाटा ते धामणखेडे' असं आहे. कंडक्टरने ती ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर चिकटवली आहे. गाडीत उभं राहायलासुद्धा जागा नाही म्हणून मनांनी दाराशी गर्दी करू नये, एवढीच त्याची सूचना आहे.