मगदूम सरांची माती

मगदूम सर लग्नाला गेले की आधी आचाऱ्याला गाठतात. जेवणासाठी नव्हे, मातीसाठी. कढईतलं तेल सांडलेल्या जागची चमचाभर माती पिशवीत घ्यायची, वर गावाचं नाव लिहायचं, मग अक्षता. आजऱ्यात नवरीच्या मामांनी त्यांना करणी करणारा समजून धरून ठेवलं होतं.

"पावणं, माती कशाला उचलतायसा?"

"जंतू पाळतोय," सर म्हणाले. त्यानं मामांचा संशय आणखीच वाढला. मला मध्ये पडावं लागलं.

मी कोल्हापुरात सरांच्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमच्या विभागाचा फ्रिज त्यांच्या मातीच्या बाटल्यांनी गच्च भरलेला. काही औषधांच्या रेणूंची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातांसारखी. एक बरं करतं, दुसरं नुसतीच गर्दी. कारखान्यात बहुधा दोन्ही एकत्रच तयार होतात. तेलकट मातीतले जंतू तेल पचवायला एन्झाइम सोडतात. त्यातलं एखादं फक्त बिनकामाच्या डाव्या रूपाला तोडील, अशी सरांची खात्री. "उजव्याला बोट लावायचं न्हाय," असं ते बाटल्यांनाही बजावत.

यंदा सरांची निवृत्ती आली. त्या दिवशी फ्रिज रिकामा करायचा, असं ठरलं. एरवी वरच्या मजल्यावर ऐकू जाईल असं बोलणारे सर गप्प झाले आणि रविवारीही येऊन उरलेल्या बाटल्यांतल्या जंतूंचं एन्झाइम औषधावर तपासू लागले. यंत्राच्या आलेखावर दर वेळी दोन शिखरं, डाव्याचं आणि उजव्याचं. मग मुरगूडची बाटली आली, बंद पडलेल्या तेलघाण्याच्या दारातली माती. डावं शिखर जवळजवळ नाहीसं झालं होतं, उजवं तसंच होतं. सरांनी तीनदा करून पाहिलं, तरी तेच.

"जमलं की," एवढंच ते म्हणाले. मी मात्र शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले. असा अभिमान मला माझ्या पीएचडीचाही वाटला नव्हता. फ्रिजला कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सर पेढे घेऊन मुरगूडला निघाले, मलाही सोबत घेतलं.

"आधी घरी द्यायचे की, सर."

"घरी कोण हाय खायाला, मॅडम?"

पत्नी वारल्यापासून सर एकटेच राहतात, हे मी विसरलेच होते. मला माझीच लाज वाटली.

घाणेवाले वारल्यावर मागं राहिलेल्या त्यांच्या पत्नी, अक्का, ओट्यावर बसल्या होत्या. सरांनी पेढे पुढं केले. "अक्का, तुमच्या दारातल्या मातीतला जंतू औषधाच्या कामाला येतोय."

अक्का घाण्याच्या कुलूपबंद खोलीकडं बघत राहिल्या. "म्हंजे ह्यांचा घाणा अजून चालतोय म्हणा की."

एका चुकीच्या शब्दाला मार्क कापणारे आमचे सर म्हणाले, "व्हय अक्का, चालतोय."

अक्कांनी पहिला पेढा सरांनाच भरवला.