दीर्घिकेवरचा डाग

"माझ्या नजरेतून डाग सुटत नाही!" हे फोटोवाल्या काकांचे ठरलेले वाक्य. ते खोटेही नव्हते. चाळीस वर्षे स्टुडिओत बसून त्यांनी नवरीच्या गालावरचे फोड, नवरदेवाच्या कपाळावरचे व्रण आणि एका पुढाऱ्याची अख्खी दुसरी हनुवटी पुसली होती!

निवृत्तीनंतर त्यांनी आणि शेजारच्या मास्तरांनी मिळून दुर्बीण घेतली. ती रात्रभर आपली आपण दूरच्या दीर्घिकांचे फोटो काढी. सकाळी दोघे चहा पीत ते जुन्या फोटोंशी ताडून बघत. जुन्यात नसलेला ठिपका नव्यात दिसला, तर तो मरताना भडकलेला एखादा तारा असू शकतो! सहा वर्षांत एकही हाती लागला नव्हता. त्यात मास्तरांची नजर अधू होत चालली होती. ती फार तर वर्षभर टिकेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्याआधी एक तारा सापडावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

मंगळवारी मास्तर पडद्याला नाक लावून म्हणाले, "अरे, इथे काहीतरी आहे."

"कुठे?"

"हे काय, कडेला. बारीकसा ठिपका."

"धूळ हो मास्तर! थांबा, काढतो."

काकांचा हात सवयीने चालला. ठिपका गेला आणि साफ केलेला फोटो मूळ फोटोवरच जतन झाला.

"मला वाटलं..." मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "जाऊ दे. आता या डोळ्यांचा काय भरवसा!"

दोन दिवस ते फिरकलेच नाहीत.

गुरुवारी ताऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे पत्रक आले. तीच दीर्घिका, तीच कड, नवा तारा! बुधवारी कुणा भलत्यानेच कळवलेला आणि दोन वेधशाळांनी खात्री केलेला. काकांनी घाईघाईने आदल्या रात्रीचा, अजून न पाहिलेला फोटो उघडला. ठिपका जागच्या जागी होता.

काका तसेच मास्तरांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"मास्तर, मंगळवारची ती धूळ नव्हती. तारा होता. सगळ्यांच्या आधी तुम्ही पाहिलात, आणि मी तो पुसला!"

मास्तरांनी दार पुरते उघडले.

"म्हणजे तिथे खरंच होता?"

"होता."

"आणि मला दिसला?"

"तुम्हालाच दिसला, मास्तर."

मास्तरांनी खिशातला चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"मग चल, आजचे फोटो बघू. पण तू हात मांडीखाली घेऊन बसायचंस!"