कांबळे सरांनी पाहिलेली तलवार

लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढले की आमचे शेजारी कांबळे सर आधी नवरदेवाच्या कमरेची तलवार मागतात. उलटसुलट बघतात आणि सगळ्यांदेखत ओरडतात, "पत्रा आहे हा! डबे होतात याचे!" सानपाड्यात आता त्यांना पत्रिका येत नाहीत.

सर आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवून रिटायर झाले. जुन्या तलवारींवरच्या खुणा वाचायचा नाद मात्र तरुणपणापासूनचा. घरी एकही तलवार नाही. "विकत घेतो तो हौशी. मी वाचतो." कुणी गंजकं पातं दाखवून 'शिवकालीन' म्हणालं की त्यांचं डोकंच फिरतं.

परवा करावे गावात हिराबाई नावाच्या एका बाईंकडची जुनी तलवार बघायला मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. हिराबाईंचा पुतण्या नितेश ती पॉलिश करून हॉलमध्ये लावणार होता. पात्यावर विळ्यासारख्या दातेरी खुणा, खाली इंग्रजी अक्षरं.

"राजाचा शिक्का हाय तो," नितेश म्हणाला.

"डोळे आहेत की बटणं? फिरंगी कारखान्याची खूण आहे ती. आणि तीही नक्कल! लोहाराला अक्षरं येत नव्हती, एस उलटा काढलाय बघ. आणि पॉलिश? आहे तेवढंही घासून टाकशील, गाढवा!"

हिराबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे खोटी हाय?"

सरांचं बोट मुठीवर थांबलं होतं. "हा खिळा कुणी ठोकला?"

"आमच्या ह्यांनी. मूठ हालत होती. खाडीत मासे मारायला जायच्या होऱ्या बांधायचे ना ते, होरीचाच खिला मारला. आता ते नाय."

"त्योच काढायचाय," नितेश म्हणाला. "पितळी स्क्रू टाकतो."

"हात लावलास तर बघ!" सर इतके कडाडले की शेजारच्या बाया दारात आल्या. मग ते हिराबाईंकडे वळले. "बाई, तलवार खरी आहे. राजाची नाही, इथल्याच लोहाराची. त्याचं नाव मला सांगता येणार नाही. पण हा खिळा कुणाचा ते तुम्हाला माहीत आहे. काढू देऊ नका."

हिराबाईंनी पदरानं खिळा पुसला.

परतताना पाम बीच रोडच्या सिग्नलला सर मागून म्हणाले, "आमच्या हिनं कुकरच्या हँडलला तार गुंडाळली होती. वेडीवाकडी. ती गेली, आणि आठवड्याच्या आत मी तार काढून नवं हँडल बसवलं. वेल्डिंगचे मास्तर ना आम्ही!"

सिग्नल सुटला. मला गाडी काढायला उशीर झाला, मागचे हॉर्न मारू लागले. सर कुणावरच ओरडले नाहीत.