पांढऱ्या डोळ्यांची चिलटं

नळाला पाणी आलं की व्यंकटरावांच्या अंगात येत असे. सिडकोतल्या त्यांच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचा, आणि शहर बिडकीन गावाच्या अंगाने पसरत चाललं तसतसा तो आठवडाही लांबत चालला होता. त्यात दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. पाटबंधारे खात्यात धरणाची पातळी लिहिण्यात जन्म घालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर बादलीची पातळी जपावी लागत होती. नळ वाजला की घरात जे पोकळ दिसेल ते भरायचं, हा त्यांचा धर्म. एकदा तर त्यांनी भाच्याचं हेल्मेट नळाखाली धरलं होतं.

अशा घरात त्यांची लेक मृण्मयी चार बाटल्या ठेवून पुण्याला परिषदेला गेली, तिथेच खरं तर कुणीतरी सावध व्हायला हवं होतं. मृण्मयी विद्यापीठात चिलटांच्या मेंदूवर डॉक्टरेट करत होती. हो, चिलटांच्याच. केळ्यांवर घोंगावतात ती. बाटल्यांच्या तळाशी मक्याच्या पिठाची गूळ घातलेली लापशी, तिच्यात वळवळणाऱ्या अळ्या, वर चिलटं आणि तोंडाला कापसाचं बूच. देवघराची खोली घरात सगळ्यात गार, म्हणून बाटल्या देवांच्या शेजारी परातीत ठेवलेल्या.

"तासातासाला यांच्यावरचं फडकं ओलं करायचं, बाबा," ती म्हणाली. "ही खोली सोडायची नाही. टँकर आला तरी."

"असं आहे तरी काय या चिलटांत?"

"मेंदू आहे. अळी असते तेव्हाच तो घडायला लागतो. त्यात आईपेशी असतात. एकेक आईपेशी फुटत जाते आणि दर खेपेला नवी पेशी जन्माला येते. आधी जन्मलेलीला एक वास कळतो, मागून जन्मलेलीला दुसरा."

"आई एकच, तरी?"

"आईचं वय वाढतं ना. वयाबरोबर तिच्या आतले हुकूम बदलतात. या जातीत मी तो हुकूम अडकवून ठेवलाय, म्हणून आई जुनी झाली तरी पहिल्यासारखीच लेकरं देत राहते. ओळखू यावीत म्हणून यांचे डोळे पांढरे. साध्या चिलटांचे लाल असतात."

ती गेल्यावर व्यंकटराव बराच वेळ परातीकडे बघत बसले. त्यांचा थोरला विश्वजित झाला तेव्हा ते तरुण होते, तापट होते. तो पोरगा अजून फोनवर मोजकंच बोलतो. मृण्मयी उशिरा झाली, तोवर ते निवळले होते. ती सरळ बापाला हुकूम सोडते. आपल्या आतला हुकूम नेमका कधी बदलला, ते काही त्यांना आठवेना. त्यांना जरा वाईट वाटलं. विश्वजितच्या वाट्याला चुकीचा बाप आला, असं वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, डोळा लागलेला असताना, नळ वाजला. आता दुपारी पाणी येण्याची काही रीत आहे का? पण आलं. व्यंकटराव तसेच उठले. पिंप भरलं, हंडे भरले, डबे भरले. पाणी चालूच होतं आणि भांडी संपली. पुढे हात आपोआप चालत होते. चार बाटल्यांतलं काहीतरी त्यांनी झटकून काढलं, बाटल्या विसळल्या, विसळलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं आणि बाटल्या काठोकाठ भरून ओळीने मांडल्या. मग झाकण शोधताना कापसाचं बूच हातात आलं, तेव्हा कुठे आपण काय विसळलं ते त्यांना कळलं.

वर पाहिलं तर चिलटं मजेत स्वयंपाकघराकडे निघाली होती. तिथे आंब्याची आढी लावलेली होती, आणि घरची लाल डोळ्यांची चिलटं तिथे आधीपासून मुक्कामाला होती.

"काय करायलात?" अंबिकाबाईंनी विचारलं. नवरा आंब्यावर भिंग धरून उभा होता.

"पोरीची डॉक्टरेट उडून गेली, अंबिका. यातली पांढऱ्या डोळ्यांची धरायचीत."

अंबिकाबाईंनी तोंडाला पदर लावला. व्यंकटरावांना वाटलं, रडायली.

तेवढ्यात शेजारचा अजिनाथ बादली परत द्यायला आला. तो देवगाव रंगारीचा, घराणं मेंढरं राखणारं, आणि तो स्वतः शहरात टँकर चालवायचा. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्यात मेंढरू कळपातून चुकलं तर खूण इचारतेत," तो म्हणाला. "तुमच्या जनावराची खूण काय?"

"डोळे पांढरे."

"अन् उंची?"

व्यंकटरावांनी चिमटीने उंची दाखवली. अजिनाथने मान हलवली. "लई अवघड हाय, काका. पर बघू."

पेल्यात पिकलं केळं ठेवलं, वर कागदाची नळकांडी बसवली. चिलटं आत शिरली की पेला फ्रिजमध्ये. गारठली की ती पालथी पडतात, हे व्यंकटरावांनी लेकीचं पाहून ठेवलं होतं. मग ताटलीत उपडी करून पंचांग वाचायच्या भिंगातून एकेकाचे डोळे तपासायचे. लाल. लाल. लाल. तपासून होईपर्यंत आधीची शुद्धीवर येऊन उडायची आणि पुन्हा पेल्यात यायची. अजिनाथचं म्हणणं, या चिलटाला आपण मघाशीच भेटलोत.

संध्याकाळी मृण्मयीचा फोन आला.

"बाबा, कशी आहेत?"

"आहेत."

"गार आहेत ना?"

"एकदम गार," व्यंकटराव फ्रिजकडे बघत म्हणाले. खोटं बोलायचा प्रसंग टळला, आणि ते पुन्हा भिंग घेऊन बसले.

मृण्मयी परत आली तेव्हा एका बाटलीत केळ्याच्या फोडीवर तीन चिलटं बसली होती. पांढऱ्या डोळ्यांची. तिने बाटली उजेडात धरली.

"बाबा, हे तिन्ही नर आहेत."

मग व्यंकटरावांनी सगळं सांगितलं. नळ, बाटल्या, कढीपत्त्याची कुंडी. "तुझी इतक्या वर्षांची मेहनत मी पाण्यात घातली, बाळा."

मृण्मयीने बाटली खाली ठेवली. "त्या बाटल्या टाकायच्याच होत्या, बाबा. माझं काम सगळं विद्यापीठात आहे. यातल्या अळ्यांचं वय निघून गेलं होतं. आईपेशींचं फुटणं थांबलं की त्यात बघण्यासारखं काही उरत नाही."

"मग मला तासातासाला फडकं का भिजवायला लावलंस?"

उत्तर अंबिकाबाईंनी दिलं. "गेल्या महिन्यात टँकरमागं धावताना तुम्ही चौकात भोवळ येऊन पडलात. डॉक्टरचं ऐकलं का तुम्ही? माझं ऐकलं? तेव्हा ही म्हणाली, बाबांना कामाला लावू. अहो, चिलटं कसली गार ठेवायची? तुम्हाला गार ठेवायचं होतं."

व्यंकटरावांना आधी राग आला. मग दोन दिवस हसू दाबायला तोंडाला पदर लावून फिरणारी बायको आठवली आणि लाज वाटली. मग ते उठून देवघरात जाऊन बसले. त्या रात्री त्यांनी विश्वजितला आपणहून फोन केला, आणि बराच वेळ नुसतं तिकडच्या हवेबद्दल विचारत राहिले.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. "काका, टँकर लागला!" अजिनाथने हाळी दिली. अंबिकाबाई धास्तावून देवघरात डोकावल्या. व्यंकटराव तीन नरांच्या बाटलीसमोर मांडी घालून बसले होते.

"त्याला म्हणावं, आमच्या बादल्या तूच भर," ते म्हणाले. "मला उठता येत नाही. फडकं वाळायलंय."