हात लावू नका, काम चाललंय

घर आवरायचं असेल तर मला बोलवा. ही बढाई नाही, आमच्या घरातली मान्य वस्तुस्थिती आहे. आई गेल्यावर तिचं स्वयंपाकघर मी एका दुपारात आवरलं होतं आणि एक बशीसुद्धा फुटली नव्हती. त्यामुळे बाबांचं भाड्याचं घर रिकामं करायची वेळ आली तेव्हा दादा परगावाहून फोनवर एवढंच म्हणाला, "तू आहेस ना, मग मला काळजी नाही."

पुस्तकं खोक्यांत गेली. भांडी आत्याने वर्तमानपत्रात गुंडाळली. शेवटी उरलं बाबांचं टेबल आणि त्याखाली घरघरत बसलेला कॉम्प्युटर. तो मात्र बंद करायचा नव्हता.

हे जरा समजावून सांगायला हवं. बाबांनी उभी हयात इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या काचा तपासण्यात घालवली. मलेरियाचा जंतू त्यांना गर्दीत ओळखीचा माणूस दिसावा तसा दिसायचा. निवृत्तीपर्यंत डोळे दमले, पण जंतूशी असलेलं वैर काही सुटेना. मग त्यांना कळलं, की अशा रोगांवर औषध शोधणारे काही शास्त्रज्ञ सामान्य माणसांच्या कॉम्प्युटरची मदत घेतात. गणितं इतकी अफाट असतात की त्यांच्याकडची यंत्रं पुरत नाहीत. म्हणून ते तुकडे करून घरोघर वाटतात.

"कुलूप एकच, किल्ल्या लाखो," बाबा सांगायचे. "एकेक लावून बघायची."

जंतूच्या अंगातलं एखादं प्रथिन हे कुलूप आणि औषध होऊ शकेल असा रेणू ही किल्ली. आपल्या वाट्याला आलेल्या जुडग्यातली प्रत्येक किल्ली बसते का ते कॉम्प्युटरने पाहायचं आणि मुदतीत उत्तर कळवायचं. मुदत चुकली की जुडगा दुसऱ्या कुणाला देतात. आई त्या डब्याला सवत म्हणायची. कुणी केरसुणी घेऊन त्याच्या जवळपास फिरकलं, तरी आतल्या खोलीतून बाबांचा आवाज यायचा, "हात लावू नका, काम चाललंय. मध्येच बंद पडला तर सगळं मुसळ केरात."

शेवटचा जुडगा बाबांनी इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी घेतला. ते परत आले नाहीत. डब्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो किल्ल्या लावत राहिला. आता पडद्यावर होतं: सत्त्याण्णव टक्के पूर्ण, मुदत आज संध्याकाळपर्यंत. ते काम बाबांच्या नावावर पुरं व्हायला हवं होतं. त्या घरातून मला दुसरं काही नको होतं.

आणि दारात वायरमन उभा होता.

"ताई, मीटर उतरवायला आलोय."

"तुम्ही संध्याकाळी येणार होतात ना?"

"संध्याकाळी दुसरीकडं आहे."

"थोडं थांबाल?"

"थांबतो की. तुम्ही चपला घालेपर्यंत थांबतो."

मी दादाला फोन लावला. 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' असा निरोप आला. आमच्या घरात आणीबाणी नेहमी दादाची मीटिंग बघूनच येते.

मग मी योजना आखली. वीज गेली तर कॉम्प्युटर चालू राहावा म्हणून बाबांनी त्याला बॅटरीची पेटी जोडली होती. पडदा बंद ठेवला तर ती अर्धा तास तग धरते, असं ते सांगायचे. माझं घर तेवढ्या टप्प्यात होतं. डबा चालू ठेवूनच न्यायचा!

"आणि रस्त्यात बॅटरीने मान टाकली तर?" आत्याने विचारलं.

म्हणून मी सायरनकाकांना फोन केला. सायरनकाका म्हणजे बाबांच्या इस्पितळातले रुग्णवाहिकेचे चालक. त्यांचा आवाज इतका बारीक की शेजारी बसूनही 'काय म्हणालात?' असं विचारावं लागतं. नाव त्यावरूनच पडलेलं.

"गाडी रिकामीच गॅरेजला चाललीय," ते म्हणाले. "तुझं घर वाटेवरच आहे. पण कॉल आला तर असशील तिथं उतरवीन."

"गाडीत प्लग आहे ना काका?"

"आहे की."

ते आले आणि सोबत स्ट्रेचर घेऊन वर आले. जिन्यात हादरे बसतात, आतला नाजूक भाग दुखावतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. धूळ लागू नये म्हणून मी डब्यावर बाबांची पांढरी चादर घातली. भिंतीतून पिन काढताच बॅटरीची पेटी 'टीं... टीं...' करू लागली. पुढे काका, मागे मी, मध्ये चादरीखाली डबा आणि पडदा, आणि पेटी छातीशी धरून वायरच्या लांबीइतक्या अंतराने चालणारी आत्या, सलाइनची बाटली धरल्यासारखी.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं.

"अगं बाई, आता कोण?"

"बाबांचा आहे, काकू."

काकूंनी चौकट धरली. "पण त्यांना जाऊन तर..."

"त्याचं काम राहिलंय थोडं," आत्या गंभीरपणे म्हणाली.

काकूंनी हात जोडले ते आमची गाडी हलेपर्यंत सोडले नाहीत.

गाडीत बसल्या बसल्या मी पेटीची पिन प्लगमध्ये घातली. टीं टीं सुरूच.

"काका, ह्यात वीज येत नाहीये."

"वीज येते असं कुठं म्हणालो? प्लग आहे का विचारलंस, प्लग आहे."

प्रत्येक टीं बरोबर मला वाटे, एक किल्ली लागली, एक राहिली. सिग्नलला एका गृहस्थाने स्कूटर बाजूला घेऊन डोक्यावरची टोपी काढली. आत्याने त्याला मान लववून उत्तर दिलं. मी दोन्ही हात डब्यावर ठेवून बसले होते. डबा कोमट होता. मी हात काढले नाहीत.

आणि कॉल आला.

सायरनकाकांनी गाडी कडेला घेतली. "खरा पेशंट आहे, पोरी," ते त्यांच्या बारीक आवाजात म्हणाले.

बाबा असते तर त्यांनीच आधी दार उघडलं असतं.

आम्ही फुटपाथवर उतरलो: मी, आत्या, डबा, पडदा आणि पेटी. घर दोन गल्ल्यांवर होतं. पेटीने टीं टीं सोडून आता एकच लांब सूर लावला. समोर इस्त्रीचं दुकान होतं. मी चादरीसकट डबा उचलून आत शिरले.

"प्लग हवाय. लगेच!"

इस्त्रीवाल्याने रुग्णवाहिका जाताना पाहिली होती, चादर पाहिली, आत्याचा चेहरा पाहिला. त्याने इस्त्रीची पिन उपटली. दारात चारपाच माणसं जमली.

"किती टक्के चान्स आहे?" एकाने दबक्या आवाजात विचारलं.

"सत्त्याण्णव टक्के झालंय," मी पिन शोधत म्हणाले.

"मग घाबरता कशाला? आमचा मेव्हणा चाळीसवर होता. आज जेवायला बसला की आम्हाला पुरत नाही."

पिन बसली. सूर थांबला.

"गेला?" आत्याने विचारलं.

"लागला," इस्त्रीवाला म्हणाला.

मी चादर काढली. गर्दीची घोर निराशा झाली. एकजण तर "हे काय, कॉम्प्युटर?" असं म्हणून फसवणूक झाल्यासारखा निघून गेला. मी पडदा जोडला. सत्त्याण्णव टक्के. घरातून निघताना होते तेवढेच, कणभरही जास्त नाही. खाली एक ओळ होती: 'कॉम्प्युटर बॅटरीवर आहे. काम तात्पुरतं थांबवलं आहे.' आमच्यादेखत ती ओळ गेली आणि 'काम सुरू' असं आलं.

"म्हणजे आपण जिवाचं रान करत होतो तेव्हा हा...?" आत्याने विचारलं.

"स्वस्थ बसला होता. बाबांनीच तसं लावून ठेवलंय."

"बापावर गेलाय मेला. त्यालाही गाडीत बसलं की काम सुचायचं नाही."

तेवढ्यात दादाचा फोन आला. मी सगळं सांगितलं.

"अगं, तू बंद का नाही केलास?"

"मुसळ केरात जाईल म्हणून!"

"ते आपोआप जतन होत राहतं. बंद करा, चालू करा, होतं तिथून पुढे जातं. बाबा स्वतः बंद करून पंखा पुसायचे. तुला सांगायचे नाहीत, कारण तू लहानपणापासून दिसेल ते बटण दाबतेस."

इस्त्रीवाल्याच्या दुकानात, समोर परक्यांचे शर्ट टांगलेले असताना, मी बटणावर बोट ठेवलं. आणि तसंच ठेवून उभी राहिले. शेवटी आत्याने माझं बोट बाजूला करून स्वतः दाबलं. घरघर थांबली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

घरी पोचून चालू केला. सत्त्याण्णव. दादा बरोबर होता. मुदत संपायच्या आधी शंभर झाले, उत्तर गेलं, शेजारी बाबांचं नाव होतं. आता नीट बसून रडावं म्हणून मी खुर्ची ओढली, तर डब्याने कुणाला न विचारता नवा जुडगा घेतला: शून्य टक्के पूर्ण.

परवा आत्या आली होती. टेबलाखालची धूळ बघून ती फडकं घेऊन वाकली, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, "हात लावू नका, काम चाललंय!"

आत्या फडक्यासकट तशीच थांबली. "बंद करून पुसता येतो, असं ठरलंय ना आपलं?"

"येतो की."

"मग कधी पुसणार?"

"हा जुडगा संपला की."

"आणि संपला की?"

"तेवढ्यात तो दुसरा घेतो गं," मी म्हणाले.