तीन कानांची गोधडी

मल्लिनाथअप्पांनी उसवायची ठरवली होती ती फक्त एक ओळ. देवाशपथ, एकच.

झालं असं, की सिंधुबाईंची गोधडी पुरी झाली आणि घडी होऊन ट्रंकेवर जाऊन बसली. पंधरा दिवसांनी नांदेडला गोधड्यांचं प्रदर्शन होतं. सून शिल्पानं मोबाइलवरून सासूचं नाव घातलं होतं. गोधड्या बघायला लातूरच्या चंद्रप्रभाबाई येणार होत्या. नुसता हात फिरवला की शिवणारीचं वय सांगतात, अशी त्यांची ख्याती. सिंधुबाईंना बक्षीसबिक्षीस नको होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. आपला हात अजून शाबूत आहे का गेला, एवढंच जाणत्या माणसाकडून ऐकायचं होतं.

"गेला म्हनल्या तर सुई ठिवून देते," त्या म्हणाल्या. "उगं लेकराच्या अंगावर वाकडंतिकडं कशाला घालायचं?"

चाळीस वर्षांत त्यांनी सुई खाली ठेवलेली अप्पांनी पाहिली नव्हती. सुईशिवाय ही बाई दिसंल तरी कशी, हे त्यांना उमगेना. म्हणून एका दुपारी, त्या देवळात भजनाला गेल्यावर, अप्पांनी गोधडी उलगडली. एक ओळ वाकडी होती. आता अप्पा काही अडाणी नव्हते. (म्हणजे शाळेच्या बाबतीत होते, सुईच्या बाबतीत नव्हते.) धर्माबादच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, त्यांनी हयातभर मिरचीची पोती शिवली होती. अप्पांनी शिवलेलं पोतं मालगाडीतून पडलं तरी फुटत नसे, रुळालाच पोचा पडत असे.

त्यांनी ती ओळ उसवून सरळ घातली. तर काय, शेजारची वाकडी दिसायला लागली! मघापर्यंत बिचारी बरी होती. ती सरळ केली, तर तिच्या शेजारची. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं असंच असतं. पंधरा दुपारी अप्पा उसवत गेले, शिवत गेले. दोरा करकचून आवळला, कारण ढिला टाका म्हणजे शेठजींच्या शिव्या, ही जुनी धास्ती. शेवटच्या दिवशी एक कोपरा राहिला आणि भजन लवकर सुटलं. (पेटीवाल्याला ताप होता.) अप्पांनी घाईनं घडी घातली. होईना. मग वर बसून घातली.

नांदेडच्या गाडीत शिल्पा म्हणाली, "आत्याबाई, ही एवढी कडक कशी झाली वो? पापडावानी लागून राहिली."

"तुझ्या मामंजीनं उनात ठिवली असंल."

अप्पा खिडकीबाहेरचे खांब मोजू लागले.

मंगल कार्यालयात दोऱ्या बांधून गोधड्या टांगल्या होत्या. एकीवर घरातल्या सगळ्या पुरुषांच्या शर्टांचे खिसे ओळीनं लावलेले. किनवटच्या बायकांनी चिंध्यांतून पळस फुलवलेला. सिंधुबाईंच्या गोधडीत मधोमध जुन्या इरकली लुगड्याचं सूर्यफूल होतं. ती मात्र दोरीवर लोंबेना. शेवटी दोन पोरींनी भिंतीला टेकवली, तर ती तशीच उभी राहिली. बघायला गर्दी झाली.

चंद्रप्रभाबाई आल्या. त्यांनी हात ठेवला आणि थांबल्या. कोपऱ्यापाशी काहीतरी टोचलं.

"हे काय आहे?"

सिंधुबाईंची बोटं तिकडं गेली. कोपरा पिळून, मुरगाळून, वर दोऱ्याचे सहा वेढे. त्यांचा चेहरा उतरला.

"पोत्याचा कान," त्या म्हणाल्या. "हमालाला धरून उचलायला करत्यात. मोंढ्यातल्या मानसाची बायको हाय मी, वळखते."

असे तीन कान निघाले. अप्पांना स्वतःलाही ते आत्ताच दिसले. हाताची सवय, हातानं करून टाकले होते.

"बाई, तिचा दोष न्हाई," अप्पा पुढं झाले. "तिचं वाकडं दिसंल म्हून म्या उसवून..."

"म्हंजी तुमाला दिसलं," सिंधुबाई हळूच म्हणाल्या. "मंग मला का न्हाई सांगितलं?"

अप्पा त्या कानाचा दोरा सोडवू लागले. "तू सुई ठिवून दिली असतीस, सिंधू."

चंद्रप्रभाबाई गोधडीवरून हात फिरवत चौथ्या कोपऱ्याशी आल्या आणि तिथं त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ त्यांचा हात तिथंच होता.

"हा कोपरा कुणाचा?"

"तिचाच. तेवढा माझ्याकडनं ऱ्हाऊन गेला."

"बरं झालं राहिला. हा टाका डोळ्यानं घातलेलाच नाही, बोटांनी घातलाय. वाकडा आहे, पण मऊ आहे. लेकराच्या अंगाला बिलगेल. बाकीच्या गोधडीत लेकराला उभं राहूनच झोपावं लागेल." त्या सिंधुबाईंकडे वळल्या. "सुई ठेवायची नाही, काय? आणि अप्पा, तुम्ही मात्र ठेवा."

बक्षीस भोकरच्या कुण्या बाईला मिळालं. सिंधुबाईंना त्याचं काही नव्हतं. गाडीत त्या वाटभर तो चौथा कोपरा चाचपत राहिल्या. धर्माबाद जवळ आल्यावर अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पंधरा दुपारा जागलात व्हय माझ्यासाठी? तरी म्हनलं, भजनाहून आल्यावर मानूस सारखं जांभया का देऊन राहिलंय."

दुसऱ्या दिवसापासून अप्पा ओसरीवर गोधडी घेऊन बसले. आपलाच एकेक टाका ते ब्लेडनं काढत होते. टाके निघता निघेनात. मागोमाग सिंधुबाई चाचपत चाचपत आपली वाकडी ओळ घालत येत होत्या. नवराबायकोत वीतभर अंतर होतं, ते काही वाढलं नाही, कारण अप्पांचा टाका लई पक्का.

शेजारचा मलप्पा फाटकाशी थांबला. "काय अप्पा, म्हातारपणी शिवण शिकून राहिलाव काय?"

अप्पा जरा ताठ बसून काही बोलणार, तेवढ्यात सिंधुबाईंनी दोरा दातानं तोडला.

"न्हाई रं, उसवून राहिलेत. तेवढंच बरं जमतंय त्यास्नी."